एकोणचाळीस नंबरचं पान

ठाणे, १४ जून २०२५

आदरणीय सहदेव सर,

लांबूनच पाया पडते. मालनकाकूंचा गुडघा कसा आहे? आमच्या घोडबंदर रोडवर खोदकाम चालूच आहे. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माणसाचाच जीवाश्म होतो.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. माझा इथला सहकारी मितेश म्हणाला, "संस्थेने दगड परत न्यायला सांगितलं ना, तेव्हापासून सर कोणाशी बोलतच नाहीत गं." चंद्रपूरच्या खाणींतून वर्षानुवर्षं पाठीवरून आणलेले, झाडांच्या पानांचे जीवाश्म असलेले तुमचे दोनशे दगड. कसे आणलेत, ते मी पाहिलंय.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. पानाचं कूळ नुसत्या आकारावरून ठरवायचं नाही. त्याच्या काळ्या पापुद्र्यावर इन्फ्रारेड किरण सोडून त्यातली रसायनं ओळखायची. ज्यांची जुळतात, ती नात्यातली. तुमचं एकोणचाळीस नंबरचं पान कोणाशीच जुळेना. नवं कूळ सापडलं म्हणून मी पेढेसुद्धा वाटले! मग कळलं, कडेच्या ज्या कणाची तपासणी केली, त्यावर नेलपॉलिश होतं.

बैठकीत एक जण हसत म्हणाले, "हौशी लोक काहीही फासतात. सगळा संग्रहच बाद करा." मी मान खाली घालून चहा पीत राहिले.

सर, ते नेलपॉलिश माझं होतं.

एम.एस्सी.ला असताना ठाकुर्लीला तुमच्या घरी लेबलं लावत होते. पानाची कड भुगा होऊन बोटाला लागली. "दगडाला काही म्हणजे काही लावायचं नाही," हे तुम्ही रोज बजावायचात. तरी घाबरून पर्समधली बिनरंगाची बाटली काढली आणि कडेला थर दिला. तुम्ही आत चहा सांगायला गेला होतात.

बैठकीत एवढंच बोलायचं होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून बोलले नाही. फार लाज वाटते सर.

सोमवारी आमच्या प्रमुख प्राची मॅडमना सगळं लेखी दिलं. तुमचा संग्रह संस्थेतच राहणार. मला या कामातून काढलं, ते बरोबरच आहे. निघण्याआधी पानाच्या मधला, थर न लागलेला कण तपासला. नवं कूळ वगैरे काही नाही. भिंगातून बघून तुम्ही वहीत जे लिहिलं होतंत, तेच निघालं.

काकू सांगत होत्या, हल्ली तुम्ही ती वही घेऊन बसता आणि आपल्याच नोंदींवर प्रश्नचिन्हं काढता. खोडून टाका सर ती. तुमचं काही चुकलेलं नाही.

'तुमची' लिहायला हात धजत नाही,
संचिता