हिरवं कूलंट

शनिवार, ३ जानेवारी
गाडी आली. दहा वर्षं वापरलेली, पण मागच्या मालकाने फार जपली होती. हे त्याने स्वतः सांगितलं.

आता बाबांना तुळजापूरला न्यायचं. आईने देवीच्या ओटीसाठी घेतलेला हिरवा खण कपाटात तसाच आहे. 'बसने कशाला, स्वतःच्या गाडीतून नेईन' असं मी तिला सहा वर्षं सांगत राहिलो. दर रविवारी जुन्या गाड्या बघायला जायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. 

ठरलं: मंगळवार, २० जानेवारी. देवीचा वार. बाबांना बस शक्य नाही. चौऱ्याऐंशी वय, गुडघे गेलेले, पायरी चढवणार नाही.

सोमवार, ५ जानेवारी
नारायणगुड्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा जरा वर गेला. जरा म्हणजे लाल रेघेपर्यंत. काटाच बिघडलेला असणार. वंदना म्हणाली, कसला तरी गोडसर वास येतोय. बायकोला सर्दी झाली आहे, तिच्या नाकावर विसंबून चालणार नाही.

बुधवार, ७ जानेवारी
यादगिरीला गाडी दाखवली. काचीगुड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. म्हणाला, इंजिन गार ठेवणारं कूलंट जुनं झालंय, कमीही झालंय. सगळं काढून, रेडिएटर धुऊन नवं भरावं लागेल. मी म्हटलं, माझं मी करीन. बावीस वर्षं इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतोय, त्यात उष्णता हा माझा खास धडा. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "साब, रंग कू नक्को देखो. गाडी के किताब में जो लिखा, वहीच डालो."

किताब डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. ती नवशिक्यांसाठी असते.

शनिवार, १० जानेवारी
कोठीच्या बाजारात गेलो. दुकानात तीन रंग: हिरवं, गुलाबी, निळं. दुकानदाराने विचारलं, आत कुठलं आहे. मी म्हटलं, गुलाबीसारखं. मग गुलाबीच घ्या म्हणाला. मी दहा मिनिटं उभा होतो. गाडी देवीच्या दारी जाणार. आईचा खण हिरवा, देवीच्या ओटीतल्या बांगड्या हिरव्या. आणि मी गुलाबी घेऊन जाऊ?

हिरवं घेतलं. शास्त्रीय कारणही आहे. गळती झाली तर लगेच दिसते.

रविवार, ११ जानेवारी
सकाळी ९.३०. कामाला सुरुवात. जुनं कूलंट काढायचा खालच्या बाजूचा नट सापडला नाही.
१०.१५. सापडला. फिरत नाही. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, म्हणून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं.
१०.४०. रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना उघडू नये असं झाकणावर लिहिलं आहे. अक्षर फार बारीक आहे.
११.१५. डाव्या हाताला बर्नॉल. जुनं काढायची मुळात गरजच नाही. गुलाबी आहे तेवढं राहू दे, वरून हिरवं. द्रवात द्रव मिसळतो, हे आठवीतला मुलगाही सांगेल.
१२. भरलं. बाबांनी गॅलरीतून विचारलं, झालं का? मी हात वर केला. उजवा.

मंगळवार, १३ जानेवारी
टाकीत हिरवं नाही, गुलाबीही नाही. चॉकलेटी दिसतंय. घरातला चमचा घालून पाहिला. पिठल्यासारखं लागलं, म्हणजे चमच्याला. थंडीने घट्ट झालं असावं. प्रवासात पातळ होईल.

शुक्रवार, १६ जानेवारी
कॉलेजात जाताना दोनदा थांबावं लागलं. वंदना म्हणाली, टॅक्सी करू या. मी म्हटलं, आईला शब्द दिलाय. टॅक्सीने जायचं असतं तर आईलाही नेता आलं असतं, असं ती बोलली नाही. मला मात्र ते ऐकू आलं. जेवलो नाही.

सोमवार, १९ जानेवारी
संध्याकाळ. काटा आता चालू करताच चढतो. बाबांनी खण काढून, झटकून, नव्या पिशवीत ठेवला. नारळ सोलून ठेवला. यादगिरीकडे जावं का? आता गेलो तर तो रंगाचं विचारेल. देवी, उद्याचा एक दिवस निभावून ने. मी विज्ञानाचा माणूस आहे, पण वेळच तशी आली आहे.

मंगळवार, २० जानेवारी
५.४०. तिघं निघालो. काटा मध्यावर. उगाच घाबरत होतो.
७.१५. संगारेड्डी मागे पडली. काटा वर. हीटर पूर्ण चालू केला, म्हणजे इंजिनातली उष्णता आमच्याकडे येते. बाबांनी मफलर काढला. मग टोपी. मग स्वेटर. 
७.५०. वाफ. गाडी बाजूला घेतली. प्यायचं सगळं पाणी ओतलं, देवीच्या नारळातलं सोडून.
८.३०. बाबा पुलाच्या कठड्यावर बसलेत, मांडीवर खणाची पिशवी. मला रडू आलं. बॉनेटवर डोकं टेकवणार होतो, पण ते तापलं होतं. बाबांना म्हटलं, "मला जमत नाही. आईलाही नेलं नाही, तुम्हालाही नाही. जाळून टाकतो ही गाडी. पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही." बाबांनी पिशवीतला खण एकदा चाचपून पाहिला.
९.१०. वंदनाने हात केला. सोलापूरची बस थांबली. बाबा पायऱ्या चढले. कंडक्टरने हात पुढे केला होता, तो त्यांनी धरलाही नाही. मागोमाग वंदना चढली, मी गाडीपाशी राहिलो.
१२.३०. यादगिरीला फोन केला होता, तो टेम्पो घेऊन आला. टाकीत पाहिलं. डॅशबोर्डातून किताब काढली, पान उघडून माझ्या हातात दिली. चौकटीत, ठळक अक्षरांत: दुसऱ्या प्रकारचं कूलंट मिसळू नये. अक्षर बारीक नव्हतं.
५.२०. बाबांचा फोन. ओटी भरली. मग म्हणाले, "तुझी आई नवस बोलली होती, श्रीकांत. तुझा गाडीचा नाद सुटला की ओटी भरीन म्हणून. आज पुलावर तू बोललास, तेव्हा म्हटलं आता हरकत नाही."
मी विचारलं, मग तिला यायचं नव्हतं का?
"यायचं होतं तर. नाद सुटायची वाट बघत राहिली."
फोन ठेवला. गाडीत बसून राहिलो. टेम्पोवर चढवलेल्या.

शुक्रवार, २३ जानेवारी
नाद सुटला. गाडी विकणार. आईचा नवस फिटला, तो खोटा पडता कामा नये.
दुपारी १. बंद गाडी कोण घेईल? विकण्यापुरती चालू करायला हवी. यादगिरीला विचारलं. फक्त विचारलं.
४. नवा रेडिएटर बसवतोय. रेडिएटर नवा असताना विकणं म्हणजे मूर्खपणाच.
५.३०. कोठी. कूलंट घेतलं. गुलाबी, किताबेत लिहिलंय तेच.
घरी कुणाला सांगायचं नाही. आणि देवीचं तुळजापूर तसं लांब आहे.