सतरा नंबरचा झ

४ मार्च, मंगळवार

लावली एकदाची सूचना! वाचनालयाच्या दारावर, आणि वेबसाइटवरही. ‘हौशी अक्षरकारांसाठी फॉन्ट-स्पर्धा. पोटापाण्यासाठी अक्षरं काढणाऱ्यांनी कृपया लांब राहावे.’ दुसरं वाक्य ग्रंथपालबाईंनी खोडायला लावलं. उद्धट वाटतं म्हणे. अहो, ‘कृपया’ लिहिलं होतं की!

बक्षीस काय, तर पहिल्या येणाऱ्याची अक्षरं वाचनालयाच्या नव्या पाटीवर आणि आतल्या सगळ्या कपाटांवर. अकरा वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसून त्या कपाटांवरची बेंगरूळ अक्षरं बघतेय. ल लंगडा, श ला धड गाठ नाही. आता सुटका.

घरी सांगितलं, तर नवरा म्हणतो, फॉन्टची स्पर्धा म्हणजे धावायचं कोणी?

९ मार्च, रविवार

नमुन्याचं वाक्य ठरलं. सगळ्यांनी आपापल्या अक्षरांत हेच लिहायचं, म्हणजे अवघड जागा कुणालाच चुकवता येणार नाहीत — ‘दऱ्याखोऱ्यात ठेंगण्या वाघाला झोपाळू डॉक्टर भेटला.’

नवरा सकाळपासून विचारतोय, पुढे काय झालं.

१४ मार्च, शुक्रवार

परीक्षक मिळाला! म्हणजे, मिळवला. पेंटरकाका. एके काळी इथल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. छापील फलक आले, तेव्हा त्यांनी ब्रश धुऊन ठेवले ते ठेवलेच. मागच्या आठवड्यात गेले होते तर दारातूनच वाटेला लावलं — कॉम्प्युटरच्या अक्षरातलं मला काय कळतंय, म्हणाले. आज परत गेले. सोबत एक नमुना नेला होता, तो मुद्दाम उलटा धरला. त्यांना बघवेना. हातातून घेऊन सुलटा केला आणि तिथेच अडकले.

अट एकच. कागद हातभर लांब हवेत, भिंतीवर चिकटवायचे, आणि ते बसणार रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून. अक्षराने रस्त्यापलीकडून हाक मारली पाहिजे, जवळ आल्यावर कुणीही बोलतं, असं त्यांचं म्हणणं.

नावं कळणार नाहीत ना, असंही त्यांनी दोनदा विचारलं. म्हटलं, काका, माझ्याकडून? मुळीच नाही.

२१ मार्च, शुक्रवार

मुदत संपली. तेवीस! मला आठ आले तरी डोक्यावरून पाणी वाटत होतं.

एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांच्या प्रत्येक अक्षराला खाली दोन मुळं. एका निवृत्त बस कंडक्टरांची अक्षरं एकाच बाजूला कललेली, जणू ब्रेक लागलाय आणि सगळी दांडी धरून उभी आहेत. देखणी आहेत पण! एकाने फक्त थ पर्यंत पाठवली आणि लिहिलं, उरलेली तुम्ही करून घ्या.

प्रत्येक अर्जाची खालची अर्धी बाजू — नाव, पत्ता, शेरा — कात्रीने कापून खणात टाकली. वर नुसता नंबर, फोन तेवढे माझ्या वहीत उतरवून ठेवले. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

२३ मार्च, रविवार

परीक्षण सुरू झालं आणि बोंबललं.

नवऱ्याने खुर्ची रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली, काकांच्या हातात चहा दिला. काका झरझर निकाल देत होते. दातवाल्यांना म्हणाले, बघून दुखतंय. कंडक्टरांना म्हणाले, हा पुढे जाईल. मी वहीत टिपत होते. मग सतरा नंबरवर नजर गेली आणि ते उठले. सरळ रस्ता ओलांडला, इकडेतिकडे न बघता. एक सायकलवाला त्यांना वाचवताना स्वतःच पडता पडता राहिला. काका कागदाला नाक लावून उभे.

“ही माझी अक्षरं आहेत,” म्हणाले. अगदी हळू.

ळ चं पोट त्यांचं, घ चा खांदा त्यांचा. आणि झ वर बोट ठेवून म्हणाले, हा तर शंभर टक्के माझा. मग चहा अर्धा टाकून घरी गेले.

चोरी! माझ्या स्पर्धेत!

२४ मार्च, सोमवार

सतरा नंबरला फोन केला. काय काय बोलायचं ते चिठ्ठीवर उतरवून घेतलं होतं, एकही मुद्दा सोडला नाही. पलीकडे एक बाई. पार्सलं घरोघर पोचवायचं काम करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “ताई, अर्जात शेवटी लिहिलं होतं, ते वाचलं नाहीत का?”

खण उपसला. सापडली चिठोरी. शेऱ्यात बारीक अक्षरात — ‘ही अक्षरे गावातल्या जुन्या पाट्यांवरून घेतली आहेत. पेंटर कोण ते खूप विचारूनही कळले नाही. कळल्यास त्यांचे नाव माझ्या आधी घालावे.’

माझीच कात्री.

नवऱ्याला सांगितलं. त्याने नुसता चहा करून दिला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च, बुधवार

वाचनालय उघडायच्या आधी दोघांना बोलावलं. काकांची काल घरी जाऊनच माफी मागितली होती, तरी आले ते हाताची घडी घालून.

पार्सलवाल्या बाईने एक खोकं उघडलं. आत फोटोच फोटो. सहा वर्षं ती दारोदार फिरतेय. कुठे जुनी पाटी उतरवताना दिसली की गाडी बाजूला लावायची आणि फोटो काढून घ्यायची. घड्याळदुरुस्तीवाल्याचा घ. ‘दळण मिळेल’मधला ळ. काका एकेक उचलत गेले. ही शिडीवर एका पायावर उभं राहून केली. ही करताना रंग संपला, म्हणून खालची ओळ हिरवी. रागवायला आलोय हे ते विसरूनच गेले.

मग थांबले. झ कुठल्या पाटीचा, म्हणाले. मला आठवत नाही.

ती जरा चाचरली. “झ कुठेच नाही सापडला, काका. बाकीची अक्षरं समोर लावून बसले. तुम्ही कसा काढला असता, असा विचार करून काढला. चुकला का?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“माझा झ कायम हेंगाडाच यायचा,” ते म्हणाले. “असा यावा म्हणून जन्मभर खटपट केली.”

मला उगाचच कपाटं नीट लावायची आठवण झाली.

पण व्हायचं तेच झालं. स्वतःच्या अक्षरांना स्वतः नंबर देणारा परीक्षक मी नव्हे, असं काकांनी स्पष्ट सांगितलं. तिलाही पटलं. मुकाट्याने फोटो खोक्यात भरू लागली, ते भरायला काका मदत करत होते. उरलेले कागद काकांनी जाताना रस्त्यापलीकडून बघून टाकले. म्हणजे आता कंडक्टर पहिले. सतरा नंबर बाद. वहीत तसं लिहिलं, आणि अक्षर फार वाईट आलं.

२८ मार्च, शुक्रवार

निकालाचा दिवस, आणि मी परीक्षक शोधत फिरतेय! सकाळीच काकांची चिठ्ठी आली, ब्रशने लिहिलेली — परीक्षकपद सोडत आहे. सोबत सतरा नंबरचा अर्ज नव्याने भरून. स्पर्धक दोन. तिच्या नावापुढे व्यवसाय लिहिलाय, पार्सल पोचवणे. काकांनी स्वतःच्या नावापुढे एकच शब्द लिहिलाय.

हौशी.