न सोडलेलं नाटक

परंडा,
गुरुवार

प्रिय महेश्वरी,

हे पत्र बिभीषणच्या हाती देतेय. विठामावशींचा बिभीषण, आपल्या शेजारचा. तो उद्या कोर्टाच्या कामाला धाराशिवला येतोय. तू म्हणशील, हातात मोबाईल असताना आईनं चार पानं कशाला काळी केली? खरं सांगू, फोनवर मला नाटक करता येतं. आवाज कुठं कापरा करायचा, कुठं उगाच हसायचं, हे सवयीनं आपोआप होतं. कागदावर ते जमत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर वाईट आहे, चष्मा जुना आहे, सांभाळून घे.

परवा जावईबापूंचा, योगीराजांचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, बिचारे दबक्या आवाजात बोलत होते. राज्याच्या मुलींच्या खो-खो संघाला प्रशिक्षक म्हणून तुला बोलावलंय, दोन महिने पुण्याला सराव, मग स्पर्धेचा प्रवास, आणि तू सोमवारी नकार कळवणार आहेस, हे त्यांनी सांगितलं. हर्षाली सात वर्षांची, तिला ठेवून कशी जाऊ, असं तू म्हणालीस म्हणे. इथपर्यंत मला कळलं. पण पुढं म्हणालीस, "माझ्या आईनं माझ्यासाठी अख्खं स्टेज सोडलं, मला एक संघ सोडता येत नाही?" ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुला माझं नाटक आठवतं ते पत्र्याच्या पेटीपुरतं. माझं काम काय होतं, हे मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. माझी नाटक कंपनी बुडाली तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्यानंतर मी जत्रेच्या नाटकांना एकटीच जायला लागले. गावातली मंडळी दोन महिने तालमी करायची, राजा गावचा, खलनायक गावचा, पण गावातली एकही बाई स्टेजवर यायची नाही. मग नटी बाहेरून. सुपारी आली, म्हणजे बोलावणं आलं, की मी पेटी उचलायची, एसटीनं दुपारपर्यंत पोचायचं, एक तालीम करायची आणि रात्री उभं राहायचं. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा बघतेय त्याची बायको व्हायचं, आणि तो पुढची वाक्यं विसरला की त्याचीही आपणच म्हणायची! एका गावात माझा नवरा झालेला बागायतदार इतका घाबरला, की मी हात धरल्यावर "सोडा बाई, आमची मंडळी समोर बसल्यात" असं भर नाटकात म्हणाला. लोकांना वाटलं नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

आणि सकाळी त्याच मंडळींची खरी मंडळी माझी ओटी भरायची. रात्री जिला आपल्या नवऱ्याची राणी म्हणून बघितलं, तिला सकाळी हळदकुंकू लावून, खण-नारळ देऊन वाटेला लावायचं, असा रिवाजच होता. त्याशिवाय मला गाव सोडू द्यायचे नाहीत. काही बायका तोंड वाकडं करून भरायच्या, काही मात्र हात धरून हळूच विचारायच्या, "बाई, तुमचं लेकरू कुणापाशी हाय?" हा प्रश्न मला प्रत्येक गावानं विचारला. कुठल्या पुरुषाला कुणी कधी विचारला नसेल.

लेकरू कुणापाशी होतं? बापापाशी होतं. तुझे अप्पा, रामहरी टेलर. बाजारपेठेत त्यांना लोक काय काय बोलायचे ते तुला माहीत नाही. त्यांच्या तोंडावर हसायचे. ते मशीन चालवत राहायचे. तुझ्या वेण्या घालायचे, त्याही शिंप्याच्या हिशोबानं, दोन्ही बाजूंना टेपनं मोजून. मला वाक्यं पाठ करायची असली की ते नायक व्हायचे. इकडं पायानं मशीन, तोंडात टाचणी, आणि म्हणायचे, "प्रिये, म्या तुला टाकून कुठंच जानार न्हाय." मी हसून हसून खाली बसायचे. अगं, असा नवरा शोधून सापडत नाही, आणि मला न शोधता मिळाला. योगीराज त्याच जातकुळीचे आहेत. त्यांना पोळ्या जमत नाहीत एवढंच, त्या मी करीन.

आता तुझं दुःखही लिहिते, नाहीतर मी फक्त माझंच गोड गोड सांगतेय असं होईल. तुला गोवर आला तेव्हा मी दोन दिवस नव्हते. तुझा पहिला दात पडला तो विठामावशींनी कौलावर टाकला. शाळेत कुणीतरी तुला "नाचीची पोरगी" म्हणालं आणि तू त्याला चावलीस, हे मला आठ दिवसांनी कळलं. मी परत आले की तू पहिला दिवस माझ्याशी बोलायची नाहीस, दुसऱ्या दिवशी पदर सोडायची नाहीस. एसटीत बसल्यावर मला रडू यायचं. भूम गाव मागं पडलं की ते थांबायचं, आणि मी पुढच्या गावातलं पद गुणगुणायला लागायचे. हेही खरं आहे, महेश्वरी. मला तू हवी होतीस आणि मला ते गुणगुणणंही हवं होतं.

विठामावशींना आता नव्वद लागलं. कान गेले, पण जीभ शाबूत आहे. काल त्यांना तुझं सगळं ओरडून सांगितलं, तर म्हणाल्या, "अयोध्ये, तू लेकीला खरं कधी सांगनार? म्या मेल्यावर?" म्हणजे त्यांना माहीत होतं. अप्पांना तर त्याच दिवशी कळलं होतं. ठाऊक नाही ते फक्त तुला.

तर ऐक. चौऱ्याण्णवचा माघ महिना. तू नऊ वर्षांची, किल्ल्याजवळच्या मैदानावर तुझा पहिला सामना. आदल्या दिवशी तू म्हणालीस, आई, उद्या जाऊ नकोस. मी गेले. वाशीकडच्या एका गावची सुपारी होती, तिथं मी सलग सहा वर्षं नटी होते. दुपारी पोचले तर मांडवात माझ्या राजाचं सिंहासन नव्हतं, मोठे मोठे कर्णे लागले होते. पोरांनी यंदा ऑर्केस्ट्रा आणला होता. तालीमसुद्धा झाली नव्हती. मला कळवायचं राहून गेलं होतं. जाणती माणसं खाली मान घालून उभी होती. "बाई, पोरं ऐकत न्हाईत आता," असं म्हणून त्यांनी चहा पाजला. आणि नाटक न होताच बायकांनी माझी ओटी भरली. तिथंच मला कळलं की ही शेवटची.

मिळेल त्या गाडीनं परत आले. रडलेलं तोंड घेऊन बाजारातून घरी जायचं नव्हतं, म्हणून किल्ल्याकडून वळसा घेतला आणि मैदानाच्या कडेला पेटीवर बसले. तुझा सामना मी विसरले होते. हो, विसरले होते. तू मला बघितलंस. त्यानंतर तू अशी पळालीस, की समोरच्या मोठ्या मोठ्या पोरी थकल्या पण तुझ्या पाठीला हात लावू शकल्या नाहीत. डाव संपल्यावर धावत येऊन सगळ्यांसमोर ओरडलीस, "माझी आई सुपारी सोडून आली! माझ्यासाठी आली ना गं आई?" तुझ्या शाळेच्या बाई बघत होत्या, पोरी बघत होत्या. मी म्हणाले, हो.

त्या एका शब्दावर आपलं घर एकतीस वर्षं उभं आहे. पुढं बोलावणी आलीच नाहीत, आणि मी नाटक सोडलं, लेकीसाठी सोडलं, असं होऊन बसलं. लोक कौतुक करायला लागले. ज्यांनी तोंडं वाकडी केली होती त्यांनीच जास्त केलं. आणि मी त्या कौतुकाला सोकावले. पण पुढची चार वर्षं दर दिवाळीनंतर मी गावोगाव पोस्टकार्डं टाकत होते, की मी अजून येऊ शकते, सगळी वाक्यं पाठ आहेत. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली असायचीस आणि मी तुझ्या डोक्यावरून कार्ड लिहायचे. एका जरी गावानं बोलावलं असतं तरी मी गेले असते. अप्पा ती कार्डं स्वतः टपालपेटीत टाकून यायचे. एकदा मी म्हणाले, पोरीला खरं सांगू का? तर म्हणाले, "असू दे, पोरगी लई खूश हाय." आम्हाला वाटलं, असल्या खोट्यानं कुणाचं काय बिघडतं.

बिघडलं ते तुझं. तू पुण्याच्या कॉलेजला गेली नाहीस, आईनं माझ्यासाठी एवढं केलं, तिला सोडून कशी जाऊ म्हणून. नोकरीही अशी घेतलीस की दर रविवारी परंड्याला येता येईल. मी नको म्हणाले, पण खरं बोलले नाही. मी कधी न दिलेलं तू आजवर फेडत आलीस, आणि आता तेच हर्षालीच्या गळ्यात बांधायला निघालीस. उद्या तिला कुणीतरी सांगेल, तुझ्या आईनं तुझ्यासाठी खेळ सोडला. ते ऐकून लेकरू ताठ होत नाही गं, वाकतं. मी बघितलंय. म्हणून हे पत्र. शनिवारच्या पहिल्या गाडीनं मी येतेय, दोन महिन्यांचे कपडे घेऊन. हर्षाली पहिले चार दिवस रडेल, तुझ्यावर रुसेल, आणि तू परत आलीस की एक दिवस बोलणार नाही. सोसायचं. सोमवारी होकार कळव. माझा राग येईल, यायलाच हवा, पण तो स्पर्धा जिंकून आल्यावर काढ, मी कुठं पळून जात नाही. तोवर मैदानावर जा, आणि तुला जायचं आहे म्हणून जा.

तुझ्यासाठी काहीही न सोडलेली,
तुझीच,
आई