चार तारा गोरखच्या हाती लागू नयेत म्हणून

मी, इनायत वल्द नूरमहंमद आतार, वय वर्षे एकोणसाठ, धंदा सुतारकाम, पूर्वी रेल्वेच्या नोकरीत, राहणार लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत आहे. डावा हात मागच्या वर्षी अर्धांगाने गेला. डोके शाबूत आहे, आणि रागही शाबूत आहे. रागावलेला माणूस भ्रमिष्ट असतो असे कुणा वकिलाला कोर्टात म्हणायचे असेल, तर त्याने आधी माझ्या बायकोला विचारावे. गेली पस्तीस वर्षे मी असाच आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. नशापाणी म्हणाल तर सकाळचा चहा झाला आहे, तोही बिनसाखरेचा.

कलम १. राहते घर, पोस्टातली शिल्लक आणि सुतारकामाची हत्यारे ही पत्नी ताजुन्निसा आणि मुलगी उम्मेहानी यांना आमच्या धर्मकायद्याप्रमाणे ज्याचा जो हिस्सा असेल तशी मिळावीत. दुसरा वारस नाही. जो वारस नाही त्याला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते, हे मला ठाऊक आहे, कुणी शिकवायला येऊ नये. खाली मी जे देतो आहे त्याची बाजारातली किंमत त्या तृतीयांशाच्या पासंगालाही पुरणार नाही. माझी रंधा-करवत जावयाने वापरावी, पण पटाशी पायरीच्या दगडावर घासू नये. एकदा घासली आहे. मी विसरलेलो नाही.

कलम २. माझी बेस गिटार, चार तारांची. ही मी १९६६ साली स्वतः केली. खंडाळ्याच्या एका हॉटेलात एक गोवेकर असली गिटार वाजवायचा. मी तिथे खिडक्या दुरुस्त करायला गेलो होतो. त्या भल्या माणसाने मला सुतळीने मापे घेऊ दिली. अंग एका पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी दाराचे, मान शिसवीची, मानेच्या पोटात लोखंडी पट्टी. आवाज उचलणारे चुंबक मोडक्या हेडफोनमधले, त्यावर तांब्याची बारीक तार मी हाताने गुंडाळली. विकत आणल्या त्या फक्त तारा आणि खुंट्या. तेव्हा ही गिटार माझी आहे, माझीच आहे, आणि 'सुरेल ऑर्केस्ट्रा पार्टी, कामशेत' हिचा तिच्यावर काडीचाही हक्क नाही.

कलम ३. हे सांगावे लागते याचे कारण गोरख हौशीराम केदारी, राहणार वडिवळे, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा आणि त्या पार्टीचा मालक. १९६७ साली आम्ही पार्टीचा करारनामा केला. गोरख सांगत होता आणि शाळेचे एक गुरुजी लिहून घेत होते. गोरख म्हणाला, "पार्टीत जी बेस वाद्यं येत्याल ती पार्टीच्या मालकीची." त्याला म्हणायचे होते चांगली वाद्ये, म्हणजे त्याने उधारीवर आणलेली ढोलकी आणि पेटी. मावळात बेस म्हणजे झकास, हे शेंबड्या पोरालाही कळते. मी म्हणालो, "गुरुजी, उत्तम लिहा." गोरख म्हणाला, "आरं, बेस काय वाईट हाय व्हय?" सगळे हसले, मीही हसलो, आणि शब्द तसाच राहिला. माझ्या आयुष्यातली सर्वांत महाग चूक ती.

१९७४ साली याच गोरखने मला पार्टीतून काढले. त्याचे शब्द: "तुजं बुड्‌बुड् कुनाला ऐकू येतंया? त्यापरीस येक नाचनारी आनू." आणि आता, गेल्या महिन्यात, त्याची वकिलाकडून नोटीस आली की करारातली 'बेस वाद्ये' म्हणजेच बेस गिटार, सबब ती पार्टीच्या स्वाधीन करावी! जे वाद्य कुणाला ऐकूच येत नव्हते ते याला कागदावर बरे दिसले! सबब मी लिहून ठेवतो की त्या करारात बेस म्हणजे चांगले, या मृत्युपत्रात बेस म्हणजे खर्जाचे, आणि गोरख हा दोन्ही अर्थांनी बेस नाही.

कलम ४. ही गिटार, तिचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचा खोका मी बुधा कोंडू उघडे, राहणार भाजे गावावरची वाडी, धंदा मजुरी, यास देत आहे. बुधाने सात वर्षे पार्टीत हा खोका डोक्यावरून वाहिला. गेले वर्षभर तो दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन शिकतो. त्याला वाचता येत नाही, म्हणून पुढचा मजकूर उम्मेहानीने त्याला दर वर्षी मृगाच्या आधी वाचून दाखवावा. "व्हय व्हय, ठावं हाय" असे तो म्हणेल. तरी वाचावा.

बुधा, पावसाळ्यात गिटार वाडीवर न्यायची नाही. इथे कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवलेला असेल, लाकडापासून वीतभर लांब, तिथे ती राहील. भिंतीला टेकवून ठेवलीस तर ओल मान वाकवील आणि मग तुझा कुठलाच सूर जागेवर येणार नाही. एरवी वाडीवर वीज नाही म्हणून सराव बुडवायचा नाही. गिटारची मुंडी लाकडी दाराला टेकवून वाजव. दार बोलते.

तारा मळल्या की धुण्याच्या सोड्यात दहा मिनिटे उकळायच्या, कोरड्या पुसायच्या, उन्हात टांगायच्या. असे दोनदा चालते. तिसऱ्यांदा नव्या घ्यायच्या, कंजुषी करायची नाही. भातलावणीत हात चिरतात तेव्हा तार दाबू नकोस, आणि चिरांना खोबरेल लावले असेल तर गिटारीला शिवूसुद्धा नकोस, तारा मुक्या होतात.

बोट मानेवरच्या आडव्या पट्टीवर नाही, तिच्या जरा अलीकडे दाबायचे. उजव्या हाताची दोन बोटे आळीपाळीने चालवायची. गवत उपटल्यासारखी तार वर ओढतोस ते बंद कर. जी तार वाजवत नाहीस ती तळव्याने गप्प बसव, नाहीतर ती मागे गुणगुणत राहते आणि सगळा चिखल होतो.

अ‍ॅम्प्लिफायरला आधी स्पीकरची वायर, मग बटण. उलटे केलेस तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल आणि मी कबरीतून उठून येईन. लोखंडी पहार ओल्या मातीत ठोकून तिला अर्थिंगची तार बांधल्याशिवाय काहीही चालू करायचे नाही. १९७१ साली आंबीच्या जत्रेत मांडववाल्याने अर्थिंग दिले नाही, गोरखचे ओठ माइकला लागले आणि तो तीन हात मागे उडाला. अजून सांगत फिरतो की माझ्या गिटारने त्याला मारले. तसे झाले असते तर मी कबूल केले असते, आनंदाने.

खोका टेबलावर नाही, जमिनीवर ठेवायचा. भोंग्याला बेस कधी जोडायची नाही, भोंगा खर्ज फेकतच नाही, नुसता पडदा फाटतो. वाजवताना डोळा ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर. त्याचा पाय आणि तुझे बोट एकदम पडले पाहिजे. चारच सूर वाजव, पण तिथल्या तिथे. मधली जागा मोकळी सोडायची हिंमत लागते, ती ठेव. चुकलास तर थांबू नकोस आणि तोंड वाकडे करू नकोस. लोकांना चूक तोंडावरून कळते.

कलम ५. गोरख यास मी माझा मोठा पत्र्याचा भोंगा देतो. आवाज म्हणजे गोंगाट अशी ज्याची समजूत आहे त्याला तोच शोभतो. मला काढल्यानंतरचा पार्टीचा एक कार्यक्रम मी कामशेतला मागे उभा राहून ऐकला. दुपारी चार वाजता, कुस्त्या संपल्यावर. नाचणारी नाचली, गाणी तीच होती, पण माणसे चुळबुळत होती. आमटी अळणी झाल्यावर पाहुणे बघतात तशी एकमेकांकडे बघत होती. काय कमी आहे ते कुणाला सांगता येईना. मला येत होते. मला फार बरे वाटले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कलम ६. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची, आणि ती लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही.

कार्यक्रम चालू असताना बुधा खोक्याला पाठ टेकून बसायचा. १९७० साली वडिवळ्याला तो मला हळूच म्हणाला, "भाऊ, जाड तार उतरलीया." मी चार लोकांत त्याच्यावर ओरडलो, "तू ओझी उचल, मला अक्कल शिकवू नकोस." तार खरोखर उतरली होती. मी तो सबंध कार्यक्रम बेसूर वाजवला, पण त्याच्यासमोर खुंटी पिळली नाही. आणखी एकदा त्याने गिटारीला नुसते बोट लावले, तेव्हा मी त्याच्या देखत फडके घेऊन ती जागा पुसली. माझ्या बापाने आयुष्यभर बाजारात अत्तर विकले, पण समोरचा हात कुठल्या जातीचा आहे हे पाहून अत्तर लावताना कधी आपला हात मागे घेतला नाही. त्याच्या पोटी मी जन्मलो. सात वर्षांत माझे वाजवणे ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडून मी फक्त खोका उचलून घेतला. बुधा, मला माफ कर. तोंडाने सांगायला गेलो की मी तुझ्यावर ओरडतोच, म्हणून लिहून ठेवले आहे.

ताजा कलम. वरचा मजकूर गुरुवारी पुरा झाला. आज सोमवारी दुपारी गोरख स्वतः दारात उभा राहिला. बुधा आत गिटार घेऊन बसला होता.

"लय आजारी हाय म्हून ऐकलं," तो म्हणाला. "काय लिवतोयस?"

"तुझीच आरती," मी म्हणालो, आणि उम्मेहानीला सगळे मोठ्याने वाचायला लावले. तिसऱ्या कलमाला त्याने मान खाली घातली.

"नोटीस वकिलानं धाडली."

"सही कुणाची होती?"

"माजी." त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुला काडल्यापास्नं पार्टी जमंना. मानसं टाळ्या वाजवत्यात, पर पाय हलत न्हाईत त्यांचं. म्हनलं गिटार आली तर जमंल."

"गाढवा, गिटारीने नाही जमत. वाजवणाऱ्याने जमते."

सहावे कलम वाचून झाले तेव्हा बुधा जमिनीकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ." मी ओरडलो, "राहू द्या काय? वाजव!" वीज गेलेली होती. त्याने मुंडी दाराला टेकवली आणि एक अख्खे गाणे वाजवले. एका जागी घाई केली, बाकी ठीक. गोरख दारावर पंजा ठेवून उभा होता. गाणे संपल्यावरही त्याने हात काढला नाही.

"पार्टीत येशील?" त्याने विचारले. बुधाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, माझ्याकडे बघू नकोस, माल तुझा आहे.

बुधाने गोरखला विचारले, "हमाल म्हून का वाजवनारा म्हून?"

गोरखने आता दारावरचा हात काढला. तो म्हणाला, "वाजवनारा म्हून," आणि साक्षीची सही करायला माझ्या हातातले पेन मागून घेतले. तसे उत्तर आले नसते तर मी दिले नसते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी शुद्धीवर, दोन साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

सही: इनायत नूरमहंमद आतार
मुक्काम लोणावळा, दिनांक २८ नोव्हेंबर १९७७

साक्षीदार पहिली: अंबूबाई कोंडाजी तिकोणे, शेजारीण. सही माझ्यासमोर केली. आरडाओरडा ऐकून आले होते.

साक्षीदार दुसरा: गोरख हौशीराम केदारी, वडिवळे. मजकूर सगळा ऐकला. शिव्या सोडून बाकी मान्य आहे. गिटार इनायतची. खोका उचलायला मी दुसरा माणूस बघतो.