पेल्यावरचा चमचा

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे बरं आहे. माझा खोकला गेला, खिडकीची फुटकी काच बदलून घेतली. हल्ली फोनवर तू "हं" आणि "बरं" यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्र.

"अंदाज सांगायला हरकत नाही टकळे, पण आधी चमचा वाजव." आठवतं? मी नऊ वर्षांची होते आणि तू शाळेच्या प्रयोगशाळेत नुकताच सहायक म्हणून लागला होतास. जेवताना मला ताऱ्यांच्या, उजेडाच्या गोष्टी सांगायचास, आणि माणसाला ठाऊक असलेलं संपून नुसता तर्क सुरू झाला की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचास. टिंग. मी मैत्रिणींना चंद्राच्या पोटात समुद्र आहे असं ठोकून दिलं, तेव्हा तू ते वाक्य म्हणाला होतास.

मी विज्ञानाचे व्हिडिओ करायला लागले तेव्हा तूच तो पेला पिशवीत घालून आलास. आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आतून रजया टांगलेलं कपाट. तू त्यात वाकून शिरलास आणि सतरा वेळा टिंग केलंस, कारण दर वेळी तुला हसू फुटायचं. वहिनी बाहेरून म्हणाली, "मास्तर, एक चमचा धड वाजवता येईना होय?" पुढे काळातला प्रवास असो की दुसरी विश्वं, तर्काच्या आधी तुझं टिंग यायचंच. लोक मला टिंगताई म्हणायला लागले.

नव्या डोळ्यांच्या, म्हणजे गेलेली नजर परत आणण्याच्या, त्या व्हिडिओत ते नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, एडिटरकडून राहून गेलं. दादा, त्या बिचाऱ्याने ते लावलं होतं. मी काढायला लावलं. टिंग वाजलं की लोक व्हिडिओ बंद करतात, हे आम्हाला आलेखात दिसायचं. तेवढ्या जागी रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची. तो म्हणाला, "ताई, डोळ्यामागची सुकलेली नस पाच वर्षांत पुन्हा वाढवता येईल, हे कुणी सिद्ध केलंय?" मी म्हटलं, होईलच की, लोकांना जरा आशा मिळू दे. आशेचं नाव पुढे केलं. मला फक्त ती रेघ सरळ हवी होती.

इथपर्यंत लिहून उठले. चहा केला, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. कारण इथवरचं तू ताडलंच असशील. पुढचं तुला ठाऊक नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू वहिनीला माझ्यादेखत बोललास. घड्याळं दुरुस्त करतेस, काटा केसभर हलला तर तुला कळतो, म्हणालास, मग हिच्या एका व्हिडिओवर विसंबून ऑपरेशन आठ महिने लांबवताना अक्कल कुठे गेली होती? "मला नाही तर निदान हिला तरी विचारायचंस." वहिनी कठडा चाचपत उतरत राहिली. मी तिच्यामागून.

तिने मला विचारलं होतं, दादा.

व्हिडिओ आला त्याच आठवड्यात तिने मला फोनवर बोलून निरोप पाठवला होता. दोन मिनिटांचा. मी घाईत सुरुवातीचं तेवढं ऐकलं. व्हिडिओ आवडला, दुकानात घड्याळं दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांनाही दाखवला, आणि "पाच वर्षं म्हणजे खरंच पाच ना गं?" मी लिहून टाकलं, हो वहिनी, पाचच. उरलेलं ऐकलंच नाही. ते ऐकलं त्या जिन्यावरून घरी आल्यावर. त्यात ती म्हणते, "काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिलीय. गेलेली नजर काही येणार नाही म्हणाले, आहे तेवढी राखायची. मग तुझं ते नवं येईपर्यंत थांबू का? डोळ्याची एकदा चिरफाड झाली की पुढे ते जमायचं नाही, अशी भीती वाटते. ह्यांना विचारलं तर ओरडतील. तू हो म्हणालीस की झालं."

मी हो म्हणून बसले होते.

आता उजव्या डोळ्यापुढे अंधार आहे, आणि डाव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. वेळेवर झालं असतं तर बरंच राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास. तिच्या टेबलावर लोकांची उघडलेली घड्याळं अजून वाट्यांखाली झाकून ठेवलेली आहेत. मी मंगळवारी आले होते, तू कामावर होतास. तिच्यापुढे सगळं कबूल केलं. तिने माझा हात शोधून धरला आणि एवढंच विचारलं, "ह्यांना नाही ना सांगितलंस? तुझ्याशी बोलणं टाकतील."

तू माझ्याशी बोलणं टाकावंस म्हणून नव्हे, तिने तुझी बोलणी खाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. मूर्ख ती नव्हती. तिने विचारायचं त्याच माणसाला विचारलं होतं.

तो व्हिडिओ काढून टाकला. नवा करते आहे. सुरुवातीलाच माझी चूक सांगणार, वहिनीविषयी चकार शब्द न काढता, आणि मग जिथे जिथे तर्क, तिथे आधी टिंग. तुझं जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, पण ते तुझा माझ्यावर भरवसा होता तेव्हाचं. ते वापरायला हात धजत नाही.

तू नाही म्हणशील. हा अंदाज नव्हे, मी तुला ओळखते. तरी मागते. तो पेला घे, फोन जवळ ठेव, आणि एकदाच चमचा वाजवून पाठव. पाठवशील?

जिला तू हल्ली नुसत्या नावाने हाक मारतोस,
ती तुझी टकळी