तारामतीबाईंच्या मागच्या खोलीचं हवामान

सोडाला, जयपूर
मे महिना

तीर्थस्वरूप रत्नप्रभामावशीस,

कौशिकचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? काकांनी तंबाखू सोडली असं आईने कळवलं, ते खरं असावं अशी प्रार्थना. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे ताप नाही. उलटच आहे, पण ते पुढे येईल.)

मला नोकरी लागल्याचं तुला कळलंच असेल. उन्हाळ्यात घरं किती तापतात हे मोजणारी एक संस्था आहे. बी.एस्सी. अर्धवट सोडलेली असूनही माझं शुद्धलेखन पाहून त्यांनी मला ठेवून घेतलं. घरोघरी खोलीत थर्मामीटर टांगायचं आणि रोज सकाळी जाऊन वाचायचं. त्यात दोन बारीक लोखंडी काड्या असतात. पारा एकीला सर्वांत जास्त आकड्यापर्यंत ढकलून सोडतो, दुसरीला सर्वांत कमी आकड्यापर्यंत, आणि तो माघारी फिरला तरी काड्या तिथेच राहतात. पहिली कमाल तापमान सांगते, दुसरी किमान. मतलब, आपण नसताना खोलीत काय झालं ते नंतर कळतं. (सुरुवातीला मला ही गोष्ट फार आवडली होती.)

इथे तारामतीबाई म्हणून साताऱ्याकडच्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान देवरामजी विमा कंपनीत होते, गेल्या वर्षी वारले. त्यांची मागची खोली पश्चिमेची, वर पत्रा, साधा कूलरसुद्धा नाही. गल्ली सगळी सिमेंटची. अशा वस्तीला उष्णतेचं बेट म्हणतात, कारण बाहेरच्या मोकळ्या रानापेक्षा ती जास्त तापते आणि लवकर निवत नाही. मी पहिल्यांदा आकडे वाचायला गेलो त्या दिवशी बाहेर पंचेचाळीस अंश होते, आणि मावशी, खोलीतली किमान काडी चारावर होती. दाराला बाहेरून कडी.

मी थर्मामीटर बदललं. दुसऱ्याचंही तेच. आमचे साहेब रणजित (कोल्हापूरच्या सुभेदारांचे चिरंजीव, इथेच वाढलेले) म्हणाले, "कौशिक, थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवतोस की घरबसल्या आकडे टाकतोस?" सोमवारी ते स्वतः येणार, आकडा खोटा निघाला तर नोकरी गेली. मग बाबा मला लखनौला नेऊन पुन्हा परीक्षेला बसवणार, हे तू जाणतेसच.

तारामतीबाईंना मी सगळं समजावलं, की आज ऊन पडलं ही झाली हवा, आणि तीसेक वर्षांच्या हवेची सरासरी म्हणजे हवामान. एका दिवसावरून काही ठरत नाही. त्या कप विसळत होत्या. म्हणाल्या, "मग बरोबर आहे, बाळा. तीस वर्षं हे रोज दुपारी जेवून त्याच खोलीत पडायचे. कायम म्हणायचे, जरा गार होऊ दे. आता झालं."

पुरावा हवा म्हणून मी तिथेच राहायला गेलो. (भाडं घेत नाहीत, म्हणतात तेवढीच सोबत.) पहिल्याच दुपारी पलंगावर भिंतीच्या बाजूला पडलो, तर तोंडातून वाफ निघू लागली. मी श्वास रोखून पाहिला. तरी थोडी वाफ येतच होती.

सोमवारी रणजितसाहेब घाम पुसत आले आणि पाच मिनिटं म्हणून एकटे आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. आकडा बरोबर असल्याची सही केली, चहा दोन्ही हातांत धरून प्यायले आणि हळूच विचारलं, मी कोणत्या बाजूला झोपतो. भिंतीच्या, असं सांगितलं. म्हणाले, "मग तिकडेच झोपत जा."

नोकरी कायम झाली, पेढे वाट. फक्त एवढंच, की आठवड्याच्या नोंदींना हवा म्हणतात. हवामान सिद्ध करायला तीस वर्षं लागतील, आणि त्या खोलीत राहायला दुसरं कुणी तयार नाही.

काकांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
कौशिक

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. तुझ्या हातचा पूर्ण बाह्यांचा एक स्वेटर पाठव. इथे मे महिन्यात दुकानात स्वेटर मागितला, तर दुकानदार आधी सावलीत बसवतो आणि मग घरच्यांचा फोन नंबर विचारतो.

आणखी एक ता. क. : दोन पाठव. दुसरा लांबीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. पलंगाच्या बाहेरच्या बाजूला दुपारी गादीत जो खळगा पडतो, त्यावर टेप धरून माप घेतलं आहे. रंगाचं तारामतीबाईंनी विचारून सांगितलं : राखाडी चालेल, पण गळा टोचणारा नको.