नावाडीण परत आली

७ फेब्रुवारी

शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

सिनेमा बघून आलो – मी, ही आणि भिंगरी. नातीचं खरं नाव फक्त शाळेत वापरतात, घरात ती भिंगरीच. पडदाभर सोनेरी धुकं, पाण्याखाली पेटलेले कंदील, काचेची पाखरं. दिसायला झकास, नाही म्हणत नाही. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलंय, रंग कळतात मला. पण शेवट! मूळ पुस्तकातली म्हातारी नावाडीण त्या हरवलेल्या मुलीला नदीपार पोचवते आणि धुक्यात निघून जाते. कायमची. सिनेमात ती परत येते! सोन्याच्या जहाजातून, हजार दिवे लावून, वाजतगाजत! लोक टाळ्या पिटत होते. भिंगरी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "आली! बघ आजी, येते म्हणाली होती ना, आली!" हिने तिला मांडीवर ओढलं आणि ढसाढसा रडली.

मी लाह्यांचा पुडा धरून बसून राहिलो.

८ फेब्रुवारी

एवढं का लागलं ते लिहून टाकतो. बोलायचं म्हटलं तर कुणाशी बोलू?

आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतो. जिभेची सवय, दुसरं काही नाही. माझी मुलगी ऑपरेशनसाठी निघाली तेव्हा दारात चपला घालता घालता भिंगरीला म्हणाली, "येते हं." सप्टेंबरात गेली. भिंगरीला घरीच ठेवलं होतं. सगळं आटोपून आल्यावर ही तिला म्हणाली, आई लांब गेलीय, येईल. त्या दिवशी कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं, मीही गप्प बसलो. तेच अजून चाललंय. जेवायला बसलं की भिंगरी विचारते, "आजी, आई येते म्हणालीय ना? मग येणार ना?" ही म्हणते, "येणार गं राणी, न येऊन सांगते कुणाला!" मी ताटात बघतो. सात वर्षांची पोर. किती दिवस दाराकडे डोळे लावून बसणार?

आणि पुस्तकात काय आहे? नावाडीण सरळ 'जाते' म्हणते. मुलगी तिला टोकते, असं म्हणू नये, येते म्हण. नावाडीण म्हणते, "येणार नसताना कशाला म्हणू?" माझ्या मुलीला लहानपणी मीच वाचून दाखवायचो. ह्या पानाशी ती कान झाकून घ्यायची, पण पान गाळू द्यायची नाही.

सिनेमावाल्यांनी 'जाते'चं 'येते' केलं. मग त्या एका शब्दासाठी जहाज बांधलं.

११ फेब्रुवारी

मिळतील तेवढी परीक्षणं वाचली. 'डोळ्यांचं पारणं फिटतं.' जिथे तिथे तेच वाक्य! एकमेकांची उत्तरं बघून लिहितात की काय? एकाला मध्यंतरानंतर लांबण वाटली. एकाला पाखरांचे पंख खोटे वाटले. पंख! एकाने लिहिलंय, 'चकचकाटात गोष्टीचा श्वास कोंडला.' वाटलं, हा तरी शेवटाचं बोलेल. तर पुढची ओळ – 'मात्र नावाडिणीचं पुनरागमन मनाला उभारी देतं.'

उभारी! उठून हात धुऊन आलो.

१४ फेब्रुवारी

दुकानात परीक्षणवाला आला. आपल्याच पेपरातला, साडेतीन तारेवाला. चष्म्याची काडी मोडली म्हणून. मी ओळखलं, बोललो नाही. काडी बसवली, स्क्रू आवळला, नाकावर ठेवून बघितलं. तोच बोलत सुटला – सिनेमा बघितलात का काका, जरूर बघा, नातवंडांना घेऊन जा.

तोंडून निघून गेलं, "शेवट खोटा आहे."

"अहो काका, बोलणाऱ्या पाखरांचा सिनेमा! त्यात खरं काय शोधताय?"

"पाखरं बोलू देत. गेलेलं माणूस येत नाही."

तो हसला. वाईट हसला असं नाही, लहान मुलाला हसतात तसं. "मुलांना काय रडवत घरी पाठवायचं?"

"पुस्तकाने पाठवलं होतं की. काही बिघडलं नाही."

"तुमचा काळ वेगळा, काका." आरशात बघून केस सारखे केले आणि गेला. दिवसभर तोंड कडू. एवढं तर मी महिन्यात बोलत नाही, आणि बोललो ते कुणाजवळ!

१५ फेब्रुवारी

ही भिंगरीला घेऊन परत त्याच सिनेमाला गेली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिकिटं ओट्यावर पडली होती.

१९ फेब्रुवारी

त्याने माझ्यावर लिहिलं! रविवारच्या पानात चौकट, वर मथळा – 'जवळचा नंबर, दूरची नजर'. त्यात एक 'कोरड्या चेहऱ्याचे चष्मेवाले काका' आहेत. त्यांना काचा कळतात, स्वप्नं कळत नाहीत. अशा माणसांसाठी कुठलीच भिंगं बनलेली नाहीत म्हणे. शेवटी पुन्हा सिनेमाची तारीफ आणि आणखी अर्धा तारा. म्हणजे माझ्यावर खार खाऊन चार तारे दिले!

शेजारचा औषधवाला पेपर नाचवत आला. "काय काका, स्टार झालात! पेढे कधी?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी काउंटर पुसत राहिलो. किळस वाटते ह्या लोकांची. दुसऱ्याचं दुःख दोन बोटांत धरायचं, त्याची गंमत करायची आणि खाली नाव छापायचं.

ही वाचून म्हणाली, "बरोबर लिहिलंय." एवढंच.

२२ फेब्रुवारी

जावयाचा फोन आला. परगावी नोकरी, महिन्यातून एकदा येतो. त्याला विचारलं, पोरीला कोणी सांगायचं? म्हणाला, "बाबा, माझ्याने नाही होणार. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

हिला सांगितलं. भांडी घासत होती, पाठ वळवली नाही. "तुम्हाला काय जातंय! सिनेमावाल्यांना कळतं, पेपरवाल्यांना कळतं, एका तुम्हाला कळत नाही. सगळं जग येडं आणि हे शहाणे!"

"आज ना उद्या कळेलच तिला."

"मग उद्या कळू दे. आज का?"

रोज 'उद्या' म्हणत पाच महिने झाले. मी सांगणार. माझ्या शब्दांत जमणार नाही, पुस्तकाच्या शब्दांत सांगेन.

२४ फेब्रुवारी

माळ्यावरून पुस्तक काढलं. कव्हर गेलंय. संध्याकाळी वाचायला सुरुवात केली. भिंगरी म्हणते, "सिनेमात ह्याच्यापेक्षा जास्त कंदील होते." असतील. पण ऐकते शहाण्यासारखी. ही स्वयंपाकघरातून ऐकते, भांड्यांचा आवाज थांबतो त्यावरून कळतं.

२७ फेब्रुवारी

आज ते पान आलं. "जाते," नावाडीण म्हणाली. "येणार नसताना कशाला म्हणू?" मग धुकं, मग नुसतं पाणी, मग मुलगी एकटी घरी चालत जाते. तेही वाचलं. पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "भिंगरी, तुझी आईही अशीच गेली. ती येणार नाही. 'येते' आपण सगळेच म्हणतो, बाळा. तिची फार इच्छा होती यायची."

ती रडली नाही. माझ्याकडे बघितलंच नाही, दाराकडे बघत होती. दारात ही उभी होती, पिठाच्या हातांनी. "झालं समाधान?" म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तरी मन हलकं झालं. एवढ्या मोठ्या जहाजासमोर एक खरा शब्द तरी बोललो.

२८ फेब्रुवारी

ही कालपासून जेवलेली नाही. पाणीसुद्धा मागत नाही. पडून आहे.

१ मार्च

शाळेतून भिंगरी घरी न जाता दुकानात आली. स्टुलावर बसली. दप्तर काढलं नाही. म्हणाली, "आजोबा, मला माहीत होतं. आमच्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग रोज का विचारायचीस गं?"

"मी विचारलं की आजी 'येणार' म्हणायची. मग जेवायची."